वाफसा, इर्जिक आणि माळ्यावरची घोंगडी (अनुभव धागा)

पाऊलवाट

काल माळा आवरताना एक घोंगडी सापडली. काळी, काठाला पांढरी रेघ, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. गॅलरीच्या कठड्यावर टाकली आणि विसरून गेले. संध्याकाळी वळवाची सर आली, घोंगडी भिजली, आणि ओल्या लोकरीचा तो वास घरभर झाला. मुलगा म्हणाला, आई, काय कुजलंय? मी मात्र तिथंच खाली बसले.

आमचं गाव खटाव तालुक्यात. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात आमच्या बाजूला पाचशेच्या आसपास. त्यामुळे आमच्याकडे पाऊस पडला की आनंदाच्या आधी घाई व्हायची. मृगाचा पाऊस झाला, की माती पायाला चिकटेनाशी होईपर्यंत थांबायचं. मग वाफसा येतो. आला की दोन दिवस, फार तर तीन. तेवढ्यात बाजरी जमिनीत गेली पाहिजे, नाहीतर ओल उडून जाते. वाफसा कुणासाठी थांबत नाही.

मी सातवीत होते त्या वर्षी नेमका मृगाच्या तोंडावर आमच्या एका बैलाला पान लागलं, म्हणजे साप चावला. सकाळी गोठ्यात आडवा. अण्णा त्याच्याजवळ बसून राहिले, जेवायला उठेनात. साडेसहा एकर रान तयार, पाऊस झालेला, वाफसा आलेला, आणि दावणीला एकच बैल. पैशानं औत मिळायची सोय नव्हती, कारण ज्याच्याकडे औत त्याचंही रान त्याच दोन दिवसांत पेरायचं असतं.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बांधावर घुंगरं वाजली. एकामागं एक सात पाभरी, पेरणीची औतं. अण्णांनी कुणाला आवतण दिलं नव्हतं. पारावर कुणी विषय काढला, कुणी ठरवलं, मला आजही माहीत नाही. सात पाभरी एका रानात मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या. मागं बियाणं सोडायच्या चाड्यावर मूठ धरायला बायका. आईनं शेजारून डाळ-गूळ उसना आणून पुरण घातलं. न्याहारी टळायच्या आत रान पेरून मोकळं. प्रत्येकानं आपल्या वाफशातली अर्धी सकाळ आम्हाला दिली होती. ती किती मोलाची होती, हे मला फार उशिरा कळलं.

पंगत बसली आणि सर आली. मी बांधावर बियाणाच्या पोत्याजवळ होते. कुणीतरी पळत आलं, आपली घोंगडी माझ्यावर आणि पोत्यावर टाकली आणि तसंच भिजत परत गेलं. तीच ही घोंगडी. परत द्यायची राहिली ती राहिलीच.

तुमच्या गावातला असा एखादा ऋतू, एखादी सावड, एखादं खळं आठवत असेल तर लिहा. सगळं वाचणार आहे.

गुळभेंडी

घोंगडी मशीनमध्ये टाकू नका!! आधी हे सांगते, मग बाकीचं. उन्हात वाळवा, झटका, घडीत कडुलिंबाचा पाला ठेवा. आमच्या मामाच्या शेजारी सनगरांचा, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचा, माग होता. सुताला चिंचोक्याची खळ लावायचे. आम्ही पोरं चिंचोके गोळा करून द्यायचो, बदल्यात मागावर बसायला मिळायचं. खळीमुळे घोंगडी ताठ राहते, पहिली दोन वर्षं टोचते, मग जन्मभर ऊब देते.

लेख वाचून रडले. पोळ्या करतेय, नंतर येते.

तिवडा

सात पाभरी! डोळ्यापुढं आलं सगळं.

आमच्याकडे सावडीला पैरा म्हणायचे. तू माझ्याकडे दोन दिवस, मी तुझ्याकडे दोन दिवस. वहीत कुठं लिहिलेलं नसायचं, पण आजीला पाठ असायचं. "तिचे आपल्यावर दीड दिवस हायेत गं," असं ती सुगी संपल्यावर चार महिन्यांनी सांगायची आणि तो दीड दिवस फेडल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. इर्जिक मात्र वेगळी. सगळ्यांनी औतं घेऊन यायचं आणि एकाचं रान उरकून द्यायचं. इर्जिकीला परतफेड नसते. एक जेवण, बस.

खळं राहून राहून आठवतं. शेणानं सारवलेलं, मधोमध तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात गोल गोल फिरतेय, आणि मी शेवटच्या बैलामागं. बैलाला तोंडाला मुसकी घालायची. माझे आजोबा पहिल्या दिवशी मुसकी घालायचे नाहीत. म्हणायचे, वर्षभर त्यानं ओढलंय, पहिला घास त्याचा. मग वारा सुटायची वाट बघायची. वावडीवर उभं राहून आजोबा पाटी हलवायचे, दाणे सरळ खाली, भुसा लांब. वारा पडला की सगळे गप्प बसून राहायचे. रात्री दोनला वारा सुटला तर रात्री दोनला उपणणी. रास झाली की राशीला पाय लागू द्यायचे नाहीत, आणि मापायला सुरुवात करताना "एक" म्हणायचे नाहीत, "लाभ" म्हणायचे. लाभ, दोन, तीन...

हिरवा चुडा

लाभ!!! आमच्याकडेही! तीस वर्षांनी ऐकला हा शब्द.

इरलं

आमच्या कोकणात वाफसा वगैरे काही नाही, पाऊस थांबतच नाही 😊 आम्ही चिखलातच काम करणारी माणसं.

लावणीला सगळी वाडी एकेका घराची शेतं उरकत पुढं जायची. आज आमच्याकडे, उद्या खालच्या घरी. पुरुष जोत धरून चिखल करणार, बायका तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून मुठी बांधणार आणि ओळीत लावत मागं मागं सरकत येणार. पाठीवर इरलं. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते. वाकलेल्या बाईला डोक्यापासून कमरेपर्यंत झाकतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री तिथं काय कामाची. लांबून बघितलं की वाटायचं, मोठी कासवं शेतात उतरलीत. आई संध्याकाळी घरी आली की तिची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असायची, पायाच्या बोटांत चिखल्या. तरी ती चुलीपुढं बसून हसत असायची, कारण दिवसभर बायकांनी एकमेकींना सासरची सगळी गाऱ्हाणी सांगून झालेली असायची. तिचं सगळं बोलणं लावणीच्या त्या पंधरा-वीस दिवसांतच व्हायचं, असं मला आता वाटतं. बाकी वर्षभर ती फार बोलायची नाही.

चिंचबन

@इरलं शेवटचं वाक्य... काय बोलू.

तुमच्या बाजूला गावपळण असते ना? मला नेहमी कुतूहल वाटतं.

इरलं

@चिंचबन हो, मालवण तालुक्यात आचऱ्याची प्रसिद्ध आहे. दर तीन-चार वर्षांनी. देवाचा कौल झाला की सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर, तीन दिवस तीन रात्री. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळे. माळावर राहुट्या. माझी मावशी तिथं दिलेली. ती सांगते, एरवी ज्या घराशी बांधावरून बोलणं बंद, त्यांची राहुटी नेमकी शेजारी येते, आणि मीठ मागायला तिथंच जावं लागतं.

शिवार ७२

नमस्कार. नातू टाइप करून देतो आहे, मी सांगतो आहे.

७२ च्या दुष्काळात मी ११ वर्षांचा. तुम्ही पेरणीच्या सावडीचं लिहिलंत, आमची सावड खडीवर झाली. पाझर तलावाच्या कामावर सगळं गाव. ज्याची चाळीस एकर तो आणि ज्याला गुंठा नाही तो, शेजारी बसून दगड फोडत होते. आईच्या हाताला फोड आले की शेजारीण तिच्या वाटणीची खडी फोडून द्यायची आणि मुकादमाला दोघींचं माप सारखं दाखवायची. मुलांना सुकडी मिळायची. परदेशी लाल मिलोची भाकरी खाल्ली, ती थापताना तुटायची. आई तुकडे जुळवून तव्यावर टाकायची.

एक सांगतो. त्या वर्षी दाणा नव्हता, पण विहिरीत प्यायला पाणी होतं. पुढचे दुष्काळ पाहिले तेव्हा दुकानात धान्य होतं आणि विहीर कोरडी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून होतो, जेवण गेलं नाही. ज्या तलावाला आम्ही खडी फोडली तो आज गाळानं भरला आहे. त्यावर कुणी बोलत नाही.

सांजवात

आजोबा, तुम्हाला नमस्कार. नातवालाही शाबासकी. अजून लिहा ना, तलावाबद्दल.

पाचट

सगळ्यांची सुगी वाचतेय. आमच्या गावात सुगी म्हणजे गाव रिकामं होणं.

बीड जिल्हा. दसरा झाला की ऊसतोडीला न्यायला मुकादमाच्या गाड्या यायच्या. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असायची, पावसाळ्यात लग्नाला नाहीतर दवाखान्याला संपलेलीही असायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. आई-बाबा गेले की मी आणि भाऊ आजीजवळ. गावात म्हाताऱ्या, पोरं आणि कुत्री. दिवाळीला आकाशकंदील कोण लावणार? आम्ही आठ-दहा घरची पोरं एका घरी जमायचो आणि सगळ्या आज्या मिळून एकदाच करंज्या करायच्या. माझ्या आठवणीतली दिवाळी ती. कुणाच्याच घरी आईबाप नाहीत, त्यामुळे कुणालाच एकटं वाटायचं नाही.

एक वर्ष मीही गेले फडावर. कोपी उसाच्या पाचटाची, थंडीत पहाटे तीनला गाडी भरायची. वाढं विकून चार पैसे सुटे मिळायचे तेवढेच हातात. तिथंही सावड होतीच. बाळंतीण झालेल्या बाईच्या वाटच्या मोळ्या टोळीतल्या बायका बांधायच्या. पण ती बाई पाचव्या दिवशी फडात उभी होती, हेही लिहायला हवं.

आता मी अंगणवाडीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये गाड्या परत यायला लागल्या की अजूनही दुपारी रस्त्याकडे बघत उभी राहते.

हिरवा चुडा

पाचट ताई ❤️ शब्द नाहीत.

बांधीवरून

झाडीपट्टीतून लिहितोय, भंडाऱ्याकडून. आमच्याकडे लावणी नाही, रोवणा. शेताच्या तुकड्याला बांधी, बांधाला धुरा. रोवण्याला बायांची टोळी येते, बांधीत उतरली की गाणं सुरू, सकाळपासून सांजेपर्यंत एकच सूर.

पण माझा ऋतू दिवाळीनंतरचा. धान कापून झाला की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. पाव्हणे घरात मावत नाहीत. दिवसा मंडई, रात्री नाटक. वडश्याच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री दहाला पडदा वर जातो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. घरून आणलेल्या चटया, गोधड्या, मधे लहान पोरं झोपलेली. माझे बाबा वर्षाचे सगळे व्यवहार मंडईत करायचे. सोयरीक, बैलजोडी, उधारी, भांडण मिटवणं, सगळं. "मंडईले भेटू" म्हटलं की झालं. माझंही लग्न मंडईतच जुळलं, ती नाटक बघायला आली होती आणि मी तिच्या चटईवर पाय दिला.

चिंचबन

@बांधीवरून मग पुढे???

बांधीवरून

@चिंचबन तिच्या भावानं उठवलं, माझ्या बाबांनी मधे पडून त्याला चहा पाजला, चहावर ओळख निघाली. आता तीच वाचतेय हे, आणि म्हणतेय की पाय नाही, कंदील ठेवला होतास चटईवर.

पारावरचा

नक्षत्रांचं कुणीच कसं काढलं नाही? आमचा आजा पंचांग उघडून आधी नक्षत्राचं वाहन बघायचा, त्यावरून पाऊस किती ते ठरवायचा. हत्ती, बेडूक, म्हैस निघाली की मिशीवर हात. कोल्हा, मेंढा निघाला की पंचांग मिटून ठेवायचा. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. न पडल्या मघा तर वरतीच बघा. पडतील स्वाती तर पिकतील मोती. पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा.

तिवडा

@पारावरचा उत्तरा! पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.

पारावरचा

आमच्यात चित्राच म्हणतात.

इरलं

उत्तराच बरोबर वाटतं. भाताला उत्तराचा पाऊस मानवतो, चित्राच्या वेळी आमच्याकडे हळवा भात कापायला आलेला असतो, तेव्हा पाऊस पडला तर रडायची पाळी.

पारावरचा

बरं, कोकणानं सांगितलं म्हटल्यावर मान्य. पण आजा चित्राच म्हणायचा आणि मी चित्राच म्हणणार.

वाफसा

धाग्याला माझ्याच नावाचा शब्द बघून आलो. मी आजही शेती करतो, हिंगोली जिल्हा, नऊ एकर, बहुतेक सोयाबीन.

बैल माझ्याकडे नाहीत, गावात मोजून चार जोड्या उरल्यात. पोळ्याला पूर्वी तोरणाखाली बैल मावायचे नाहीत. आता आम्ही त्या चार जोड्यांना सगळं गाव मिळून सजवतो. आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, तूप-हळद लावतो, आणि कानात सांगतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांच्या घरची पुरणपोळीही त्यांनाच जाते. बैलांना एवढ्या पोळ्या खपत नाहीत, मग मालक चार घास चारून बाकीच्या लेकरांत वाटतो.

वाफशाचं गणित आता वेगळं झालंय. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं, ते बरोबरच आहे. पण पहिली सर आली की शेजारच्या रानात ट्रॅक्टर फिरताना दिसतो आणि जीव राहात नाही. एक वर्ष मी घाई केली आणि दुबार पेरणी करावी लागली. त्या वेळी बियाणं कुणी दिलं? ज्यानं थांबून पेरलं होतं त्यानं, आपल्या उरलेल्या दोन पिशव्या आणून ओट्यावर ठेवल्या. पैसे घेतले, पण काढणीनंतर. म्हणून म्हणतो, सावड गेली नाही. बैलांची गेली, बियाणाची, मोटारीची, पाइपांची राहिली. रात्रीची लाइट असते तेव्हा दोघं मिळून पाणी द्यायला जातो. एकटं जायचं नाही, असं बायकोनं बजावलंय. साप, विंचू, अंधार.

भीती आता परतीच्या पावसाची वाटते. सोयाबीन कापून ढीग लावला आणि चार दिवस झड लागली की शेंगेतच कोंब येतात. तेव्हा वाटतं, एकेक ढीग झाकायला दहा हात असते तर.

गुळभेंडी

पोळ्या झाल्या. @वाफसा दादा, जपा. रात्री बॅटरी आणि बूट घालूनच जात जा.

बोरीबाभळी

@पाऊलवाट, लेख मनापासून लिहिलाय हे कळतं, म्हणून विचारते. राग मानू नका. त्या दिवशी पंगत बसली म्हणालात. सगळे एकाच पंगतीला होते का?

विचारते कारण माझे आजोबा अशा बऱ्याच इर्जिकींना गेलेत. काम सगळ्यांबरोबर. जेवण घरून नेलेल्या ताटलीत, गोठ्याच्या मागच्या बाजूला, वरून वाढलेलं. विहीर खणायला आजोबा, पाणी लागल्यावर त्या विहिरीवर ते चढू शकत नव्हते. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. माझ्या आजोबांचा जन्म त्याच्या नंतरचा, तरी त्यांनी हे भोगलं. बलुत्याची पेंढी खळ्यावर मिळायची, तीही शेवटी, खाली टाकून. सुगीची आठवण आमच्या घरात कुणी काढत नाही. आजी एवढंच सांगायची की खळ्यावरून परत येताना आजोबा बोलायचे नाहीत.

गाव एकमेकांना धरून होतं हे खरं आहे. ते कुणाला कुठं उभं करून धरून होतं, तेही इथं यावं असं वाटलं.

पाऊलवाट

@बोरीबाभळी राग कशाचा. तुम्ही विचारलंत आणि मी अडकले. मला पंगत आठवते, वास आठवतो, पाऊस आठवतो. कोण कुठं बसलं होतं ते आठवत नाही. बहुतेक मी तेव्हा बघितलंच नाही. आईला विचारते. ती आता ८१ ची आहे, पण तिला सगळं आठवतं.

काळी माती

लातूरकर इथे! मधेच आले, वरचं सगळं वाचलं नाही अजून. येळवस कुणी लिहिली का? मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं शहर रानात. रस्ते ओस. ज्याला रान नाही त्याला चार घरची बोलावणी. कडब्याची कोप, आत पाच पांडव चुन्यानं रंगवलेले, आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे. पाव्हणा ओळखीचा आहे की नाही कुणी बघत नाही, रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारून बसवतात.

माझं सासर किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. सासूबाई म्हणतात, त्या वर्षी येळवस होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. घरं नव्हती, पत्र्याच्या शेडमध्ये होते सगळे. तरी लोक रानात गेले. ज्या घरात कुणीच उरलं नव्हतं, त्यांच्या रानातही शेजाऱ्यांनी कोप उभी केली आणि पांडव पुजले. रान मोकळं ठेवायचं नाही म्हणून.

सांजवात

अंगावर काटा आला.

भज्जीची कृती द्याल का? पीठ आधी शिजवायचं की भाज्या?

काळी माती

@सांजवात भाज्या आधी. तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, शेंगदाणे, गाजर, मेथी, पातीचा कांदा, बोरं घालणारेही आहेत. शिजले की आंबट ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ. ढवळत राहायचं, नाहीतर गाठी होतात. चिंच वेगळी घालायची ती चवीप्रमाणे. आदल्या रात्री करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी जास्त लागते.

कोरेगावची

आमच्याकडची इर्जिक २०१६ मध्ये परत पाहिली. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेचं पहिलं वर्ष, तेव्हा तीनच तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते, त्यामुळे खोरं हातात धरता आलं नाही, पण चहा केला. रोज पहाटे पाचला दोनशे माणसांचा. सलग समतल चर खणताना शिक्षक, पोस्टमन, मुंबईहून रजा टाकून आलेले, सगळे. वेळू गावाला त्या वर्षी पहिला नंबर मिळाला. आमच्या गावाला काही मिळालं नाही, पण पहिल्याच पावसात चर भरले आणि लोक रात्री बॅटऱ्या घेऊन पाणी बघायला डोंगरावर गेले. बाळ माझ्या मांडीवर, आणि डोंगरावर उजेडांची रांग.

ते बाळ आता शाळेत जातं आणि त्याला त्या चरांवर सायकल चालवायची असते.

नदीकाठ

२०१९ चा ऑगस्ट. कृष्णा. कमरेएवढ्या पाण्यात शेजाऱ्यानं आमच्या गोठ्यात जाऊन दावी कापली, आम्ही गावात नव्हतो. त्याची स्वतःची एक म्हैस गेली. यापुढं लिहवत नाही.

तिवडा

@नदीकाठ 🙏

पाऊलवाट

आईशी बोलले. तास झाला.

पाभरी सात. कुणाकुणाच्या ते तिनं बोटं मोजत सांगितलं. सातवी पाभर दोन घरांची होती. एक बैल एका घरचा, दुसरा दुसऱ्याचा, कारण दोघांकडे एकेकच बैल. ते दोघं आपलीही रानं तशीच जोडीनं करायचे. सगळ्यात शेवटी त्यांची पेरणी व्हायची. त्या दिवशी ते आमच्याकडे आले म्हणून त्यांची पेरणी आणखी एक दिवस मागं गेली.

त्यातल्या एका घरचे पंगतीला नव्हते. मी विचारलं, मग कुठं? आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चिंचंखाली. मीच वाढलं, वरून." पुन्हा गप्प. मग म्हणाली, "तवा तसंच व्हतं असं म्हणून मी सुटत न्हाई."

घोंगडी त्यांची. पाऊस आला तेव्हा पंगतीतले सगळे गोठ्यात शिरले, ते चिंचेखाली होते म्हणून त्यांना मी दिसले. आजीनं नंतर आईला सांगितलं होतं म्हणे, धुऊन नेऊन दे. आई चार दिवसांनी गेली तर ते कामाला मुंबईला निघून गेले होते. मग ती घडी कणगीवर गेली, तिथून ट्रंकेत, आणि माझ्या लग्नात सामानाबरोबर पुण्याला.

@बोरीबाभळी, तुम्ही विचारलं नसतं तर ही घोंगडी माझ्यासाठी फक्त वास राहिली असती.

बोरीबाभळी

वाचलं. दोनदा वाचलं. आईंना माझा नमस्कार सांगा. त्या सांगतील असं वाटलं नव्हतं.

शिवार ७२

नातवानं मला वाचून दाखवलं. त्या माणसाचं घर गावात आहे का अजून?

पाऊलवाट

@शिवार ७२ आजोबा, ते वारले. मुलगा आहे, गावी परत आलाय, त्यानं बोअर घेतलंय आणि आमच्याच बांधाला लागून डाळिंब लावलंय. चुलतभावाकडून नंबर मिळाला. फोन केला. मी कोण हे सांगितल्यावर तो म्हणाला, तुमच्या घरची बाजरी वडील पेरायला आले होते ना, ते सांगायचे, बैलाला पान लागलं होतं. घोंगडीचं त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, काळी होती का, पांढऱ्या रेघेची? त्याच्या आईकडे तिची जोड आहे. दोन एकदम घेतल्या होत्या म्हसवडच्या जत्रेत.

शनिवारी जातेय. आई पण येते म्हणतेय.

गुळभेंडी

शनिवारी मृग निघतो ना? पाऊस असेल. घोंगडी पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, आणि नेताना सुती कापडात बांधा, प्लास्टिकमध्ये कोंदट होते. खाल्लेला कोपरा तसाच राहू द्या, रफू करायला जाल तर काठ ओढला जाईल.

पारावरचा

आज पंचांग काढून बघितलं. या मृगाचं वाहन म्हैस आहे. छत्री घेऊन जा.